नाडी अण्णांची, गजर पुण्यात

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "वडील ७२ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. आईबरोबर कराडजवळच्या गावात राहतात. सात आठवड्यांपूर्वी त्यांची बायपास झाली. मी पुण्यात नोकरीला. डिस्चार्जच्या वेळी 'हळूहळू चालणं वाढवा' एवढंच सांगितलं गेलं. गावाजवळ कार्डिॲक रिहॅबचं, म्हणजे हृदयाच्या पुनर्वसनाचं केंद्र नाही आणि आठवड्यातून तीनदा त्यांना पुण्याला आणणं अशक्य. म्हणून मी स्मार्टवॉच घेऊन दिलं आणि त्याचं ॲप माझ्या फोनला जोडलं. इंटरनेटवर बघून २२० वजा ७२, त्याचे ७५ टक्के, असा हिशेब केला आणि ठोके ११० च्या वर गेले की मला सूचना येईल असं लावलं. दुसऱ्याच आठवड्यात चालताना ११४ दाखवलं. मी मीटिंगमधून उठून फोन केला, आईने त्यांना घरी आणून खाटेवर झोपवलं. गेले दहा दिवस अण्णा चाललेले नाहीत आणि घड्याळ देवघराच्या कोनाड्यात पडून आहे. जास्त अचूक घड्याळ घ्यावं का? बीपी, ईसीजी, ऑक्सिजन सगळं दाखवणारं एक बघून ठेवलंय. आणि अण्णांना ते घालायला लावू कसं?" पत्रासोबत त्या दिवसाचा आलेख आणि औषधांची यादी आहे.

तुम्ही पाठवलेल्या आलेखापासूनच सुरुवात करू, सगळं रामायण त्याच्यामुळेच घडलंय. सकाळी सहा एक्केचाळीसला ठोके ७८. पुढच्याच मिनिटाला ११४. मग नऊ मिनिटं रेघ जवळपास सपाट, ११२ ते ११५ च्या मध्ये. अण्णा थांबले आणि मिनिटभरात आकडा ८० वर.

औषधांच्या यादीत मेटोप्रोलोल आहे. हे बीटा ब्लॉकर गटातलं औषध, त्याचं कामच ठोक्यांना लगाम घालणं. ते घेणाऱ्या माणसाचे ठोके सपाट रस्त्यावर चालताना एका मिनिटात छत्तीसने उसळावेत, तिथेच खिळून राहावेत आणि थांबताक्षणी खाली पडावेत, हे सहसा होत नाही. चालताना ठोके हळूहळू चढतात आणि थांबल्यावर दोन-तीन मिनिटं घेत उतरतात. दुसरीकडे, झपाझप चालणाऱ्या माणसाची मिनिटाला पावलं किती पडतात? साधारण ११० ते ११५.

म्हणजे घड्याळ बहुधा अण्णांचं हृदय मोजत नव्हतं, पावलं मोजत होतं. मनगटावरच्या घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो. त्याचा उजेड कातडीतून आत जातो आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर कमी-जास्त होऊन परत येतो, त्यावरून घड्याळ ठोके ओळखतं. पट्टा सैल असला की हात हलेल तसं घड्याळ हलतं, दिव्याखालचा उजेड त्याच तालावर बदलतो आणि यंत्र त्या तालालाच ठोका समजतं. वय झालेली सैल कातडी, पहाटेचे गार हात, मनगटाच्या हाडावर बसलेलं घड्याळ, या सगळ्याने हा घोटाळा वाढतो.

पडताळा सोपा आहे. चालताना १५ सेकंदांत पडलेली पावलं मोजायची आणि चाराने गुणायची. उत्तर घड्याळाच्या आकड्याशी जुळलं की समजा, घड्याळ फसलंय. उपायही सोपा: घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला सरकवायचं, चालण्यापुरता पट्टा एक भोक घट्ट करायचा आणि घरी आल्यावर पुन्हा सैल.

पण 'बहुधा' हा शब्द मुद्दाम वापरलाय. ठोके अचानक उसळण्याचं दुसरंही कारण असू शकतं आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. बायपासनंतर काही जणांना एट्रियल फिब्रिलेशन होतं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेतालपणे थरथरतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत ते जास्त दिसतं, पण नंतरही होऊ शकतं आणि त्यातून लकव्याचा धोका असतो. त्यात नाडी बहुधा वेगवान असते, पण मुख्य म्हणजे अनियमित असते. निव्वळ आलेख बघून या दोन्हींतला फरक छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून चालणं पुन्हा सुरू करण्याआधी कराडला एक साधा ईसीजी काढा आणि हा आलेख तिथल्या डॉक्टरांना दाखवा. आणि आईंना नाडी बघायला शिकवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला तीन बोटं हलकी ठेवायची, ३० सेकंद मोजायचं आणि दुप्पट करायची. आकड्याइतकंच महत्त्व तालाला आहे. ठोके टाळाच्या ठेक्यासारखे सारख्या अंतराने पडतायत की मध्येच दोन घाईने आणि मग एक गाळलेला, असं चाललंय? घड्याळाने काही विचित्र दाखवलं की पहिलं काम नाडी बघणं. पुण्याला फोन त्यानंतर.

आता तुमच्या ११० बद्दल. २२० वजा वय हा हिशेब ठोके जास्तीत जास्त किती चढू शकतात याची धडधाकट माणसांच्या मोठ्या गटाची सरासरी सांगतो. एकेका माणसाच्या बाबतीत तो दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याला तर तो लागूच पडत नाही. अण्णांचं हृदय पुरेपूर कष्ट करत असतानाही कदाचित ११० पर्यंत पोचणार नाही. म्हणजे तुमची मर्यादा खोट्या आकड्याला वाजली आणि खरी दमछाक झाली असती तर गप्प राहिली असती. असा गजर असून नसल्यासारखा.

मग किती जोर लावायचा हे ठरवायचं कशावरून? रिहॅबमध्ये ठोक्यांची पट्टी ट्रेडमिल चाचणीवरून ठरवतात, तीही औषधं चालू ठेवून. ती चाचणी झालेली नसेल तर शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत विश्रांतीच्या ठोक्यांपेक्षा साधारण २० ते ३० जास्त, ही सावध रेघ धरतात. अण्णांचे बसल्या जागी ६४ असतील तर ८४ ते ९४. पण त्याहून भरवशाचं माप श्वासाचं आहे. चालता चालता सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. अण्णांना अभंग येत असतील तर छानच. अख्खा अभंग चालीत म्हणता आला तर थोडा वेग वाढवायला हरकत नाही. एका ओळीनंतर श्वास घ्यावा लागतोय, पण गप्पा चालू आहेत, तर वेग बरोबर. 'हो', 'नाही' एवढंच निघतंय, तर हळू व्हा. फिजिओथेरपिस्ट यालाच बोर्ग स्केलच्या आकड्यात मांडतात. ६ ते २० ची पट्टी, ६ म्हणजे आरामात बसणं, २० म्हणजे जीव जाईल इतके कष्ट. अण्णांनी ११ ते १३ च्या घरात राहायचं, 'हलकं' ते 'थोडं कष्टाचं'. मास्तरांना गुण द्यायची सवय असतेच. चालून आल्यावर स्वतःच्या दमछाकीला आकडा द्यायला सांगा, दोन-चार दिवसांत हात बसेल.

तुम्ही विचारलंत, अण्णांना घड्याळ घालायला लावू कसं. आधी त्यांनी ते काढलं का, ते बघू. वय झालं, तंत्रज्ञान जमत नाही, असं तुम्ही गृहीत धरलंय. तसं मानायला पत्रात काही आधार नाही. पहिले दहा-बारा दिवस त्यांनी ते रोज घातलं होतं, चार्जही केलं होतं. काढलं ते तुमच्या फोननंतर. त्यांच्या जागी बसून बघा. मनगटावर असं काहीतरी आहे जे त्यांना कळण्याआधी मुलाला कळवतं. मुलगा घाबऱ्या आवाजात आईला फोन करतो, आई चारचौघांत हात धरून घरी आणते. चाळीस वर्षं ज्यांनी वर्गाची हजेरी घेतली, त्यांचीच आता कोणीतरी पुण्यातून हजेरी घेतंय. कोनाड्यात घड्याळ ठेवून त्यांनी तंत्रज्ञान नाकारलेलं नाही, ती हजेरी नाकारली आहे.

शिवाय मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांना त्यानंतर उदास वाटणं फार सामान्य आहे. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप बिघडली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, पेपर उघडलाच जात नसेल, 'आता काय राहिलंय' अशी भाषा येत असेल, तर तो हट्ट समजू नका. डॉक्टरांना स्वतंत्रपणे सांगा, त्यावर उपचार आहेत.

तेव्हा तुमच्या फोनवरची सूचना आजच बंद करा आणि अण्णांना सांगूनच करा. आकडे त्यांचे आहेत. कोणाला, कधी, काय दाखवायचं ते त्यांनी ठरवावं. ॲपने मागितलेल्या परवानग्याही एकदा बघून घ्या. ठोके मोजायला संपर्कयादी आणि ठिकाण लागत नाही.

मोबाइलवरून हृदयाचं पुनर्वसन होतच नाही, असं आमचं म्हणणं नाही. युरोपातल्या पाच देशांत ६५ च्या पुढच्या अशा १७९ रुग्णांवर अभ्यास झाला, ज्यांनी केंद्रावर यायला नकार दिला होता. निम्म्यांना सहा महिने घरच्या घरी व्यायाम, फोन आणि छातीवरचा ठोके मोजणारा पट्टा दिला. त्यांची दमश्वासाची क्षमता खरोखर वाढली. पण त्यांच्याशी ठरल्याप्रमाणे फोनवर बोलणारा प्रशिक्षित माणूस होता, हे विसरू नका. दुसरीकडे, अमेरिकेत ६५ च्या पुढच्या ४०० रुग्णांवर तीन महिन्यांचा असाच मोबाइल कार्यक्रम तपासला गेला, तिथे सहा मिनिटांत चाललेल्या अंतरात ठोस फरक दिसला नाही. आणि सिडनीतल्या ७१० हृदयरुग्णांच्या अभ्यासात तर घड्याळही नव्हतं नि ॲपही नव्हतं. सहा महिने आठवड्याला चार साधे एसएमएस, आहाराबद्दल, चालण्याबद्दल, सिगारेटबद्दल. तेवढ्यानेही कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब उतरले, सिगारेट सुटलेल्यांची संख्या वाढली. यंत्र किती महाग, यावर फारसं काही अवलंबून नसतं. आकडा आला की तो कोण बघणार आणि पुढे काय करणार, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. तुमच्याकडे यंत्र होतं, ठरलेलं काहीच नव्हतं.

ते ठरवायला एक माणूस शोधा. बायपास जिथे झाली तिथे व्हिडिओ कॉलवर रिहॅब मिळतं का, विचारा. मिळत नसेल तर कराडमध्ये हृदयरुग्णांबरोबर काम केलेला फिजिओथेरपिस्ट गाठा. आठवड्यातून तीनदा जायची गरज नाही. तीन महिन्यांत पंधरा दिवसांनी एकदा, अशा सहा भेटी आणि मधल्या काळात फोन, एवढ्यावर घरचा कार्यक्रम चालतो. पहिल्या भेटीत सहा मिनिटांची चालण्याची चाचणी करून घ्या. ३० मीटरच्या सरळ पट्ट्यावर सहा मिनिटं चालवतात आणि एकूण मीटर लिहून ठेवतात. तीच चाचणी बाराव्या आठवड्यात पुन्हा. अंतर २५-३० मीटरने वाढलं तरी ती खरी सुधारणा समजतात. घड्याळाच्या महिनाभराच्या आलेखांपेक्षा हे दोन आकडे जास्त बोलतात.

हृदयरोगतज्ज्ञांकडून एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्या: इकोमधला इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा), व्यायामात ठोके किती ते किती चालतील, रक्तदाब किती असेल तर त्या दिवशी चालायचं नाही, छातीच्या हाडाची पथ्यं कधीपर्यंत आणि छातीत दुखलं तर नेमकं काय करायचं. ओपीडीत 'सगळं ठीक आहे ना?' असं विचारलं की 'हो' हेच उत्तर मिळतं. कागद पुढे ठेवला की आकडे मिळतात.

आता यंत्रांकडे. बघून ठेवलेलं घड्याळ राहू द्या. त्या पैशातून आधी दंडावर बांधायचं रक्तदाबाचं स्वयंचलित यंत्र घ्या. दुकानात जाण्याआधी अण्णांच्या दंडाचा मध्यावरचा घेर टेपने मोजा. बहुतेक यंत्रांबरोबर येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटरसाठी असतो. दंड त्याहून जाड असेल आणि तोच पट्टा आवळला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. मोजण्याआधी लघवीला जाऊन यायचं, अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाठ टेकून आणि पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला आणि उघड्या दंडावर. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचे. खाटेवर पाय लोंबकळत, शेजारच्यांशी बोलत घेतलेला आकडा लिहूच नका. दुसरी वस्तू म्हणजे डिजिटल वजनकाटा. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ म्हणजे अंगात पाणी साठतंय, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पावलांवर सूज किंवा उताणं झोपल्यावर धाप असेल तर मग नक्कीच. ज्यांचं हृदय कमजोर झालंय, त्यांच्यासाठी हा काटा कुठल्याही घड्याळापेक्षा मोलाचा.

मनगटावरून रक्तदाब सांगणाऱ्या घड्याळांपैकी जी जरा बरी आहेत, तीसुद्धा दंडाच्या यंत्राशी दर चार आठवड्यांनी जुळवून घ्यावी लागतात. बाजारातली स्वस्त घड्याळं अंदाजच ठोकतात. त्यावरून गोळी कमी-जास्त करणं हा शुद्ध धोका. ऑक्सिजनचा आकडाही हात गार असला की घसरतो. ईसीजी काढणारं चांगलं घड्याळ एका लीडची, म्हणजे हृदयाकडे एकाच दिशेने बघणारी, ३० सेकंदांची पट्टी देतं. ताल बिघडला का हे बघायला ती कामाची, त्यामुळे डॉक्टरांनी तालासाठी सुचवलं तर जरूर घ्या. पण हृदयविकाराचा झटका त्यात दिसत नाही. छातीत कळ येत असताना घड्याळ 'नॉर्मल' म्हणतंय म्हणून थांबलेला माणूस मोलाचा वेळ घालवतो.

जुनं घड्याळ कोनाड्यातून बाहेर आलंच तर पावलं मोजायला वापरा. दहा हजारांच्या मागे लागू नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला काढलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला, वैद्यकीय तपासणीतून नाही. एक आठवडा नेहमीसारखं वागून रोजची सरासरी काढा आणि मग आठवड्याला रोजच्या पाचशेक पावलांची भर घाला. एक गंमत लक्षात ठेवा: बऱ्याच वयस्कांना पाठीमागे हात बांधून चालायची सवय असते. हात हलत नाही म्हणून घड्याळ पावलं गाळतं. आणि तेच घड्याळ आईंच्या हातात बांधलं तर भाकरी थापतानाही पावलं पडलेली दाखवेल.

चालणं पुन्हा सुरू करताना जिथे थांबले तिथून करू नका, दहा दिवसांच्या खाटेने पायांतलं बळ उतरलेलं असतं. ईसीजी ठीक आला की पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. त्याआधी पाच मिनिटं आणि नंतर पाच मिनिटं अगदी रमतगमत. शेवटची पाच मिनिटं बहुतेक जण गाळतात. दमलेलं असताना एकदम थांबलं की रक्त पायांत राहतं, रक्तदाब पडतो आणि चक्कर येते, बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना जास्तच. पुढे दर आठवड्याला प्रत्येक फेरीत तीन-चार मिनिटं वाढवा. पाच-सहा आठवड्यांत एका दमात तीस मिनिटं व्हावीत. दुसऱ्या दिवशी सकाळीही अंग गळून गेल्यासारखं वाटत असेल तर आधीच्या आठवड्यावर परत या.

वाट अशी निवडा की चढ असेल तर तो जाताना लागावा आणि येताना उतार. ठरलेल्या वेळेचा निम्मा झाला की आहात तिथून वळायचं, मग पुढे पार दिसत असला तरी. जेवणानंतर दीड-दोन तास चालणं नको. कराडच्या एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत. पावसाळ्यात निसरड्या रस्त्यापेक्षा घराच्या सोप्यात किंवा अंगणात फेऱ्या बऱ्या. चपला नकोत, मागून पकडणारे बूट घाला. खिशात नाव, औषधांची यादी आणि डॉक्टरांनी दिली असेल तर सॉर्बिट्रेटची, म्हणजे छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी.

छातीचं हाड तारांनी जोडलेलं आहे, ते भरून यायला साधारण बारा आठवडे लागतात. तोवर चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही, हे त्यांना नक्की सांगितलं असेल. पण गावाकडे किलोच्या भाषेत कोणी विचार करत नाही, म्हणून नावं घेऊन सांगा. भरलेली बादली नको, हापसा नको, गाडीला किक नको, दुकानाचं शटर नको, बैल-म्हशीचा कासरा तर अजिबात नको. उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यायचा नाही, कुशीवर वळून पाय खाली सोडून उठायचं. जमिनीवर बसणंही तूर्त टाळा. हाडात कटकट आवाज आला, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तर थेट सर्जनकडे.

नुसतं चालून मांड्यांना ताकद येत नाही. खुर्चीवरून उठा-बसा करायच्या, हात मांडीवर नुसते टेकवून, आठ ते दहा वेळा, दिवसातून दोनदा. उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. पहिल्या दिवशी खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, मग उशी काढा. हातात एक-एक किलोच्या पाण्याच्या बाटल्या घेण्याचे व्यायाम बारा आठवडे उलटल्यावर, फिजिओथेरपिस्टने दाखवल्यावरच.

चालायचं नाही असे दिवसही ठरवून टाका. डॉक्टरांच्या कागदावर वेगळं नसेल तर बसल्या जागी वरचा रक्तदाब १८० च्या वर किंवा ९० च्या खाली, ठोके १०० च्या वर, ताप, जुलाब, रात्रभर झोप नाही, यापैकी काहीही असेल तर त्या दिवशी सुट्टी. १०० च्या वरचे ठोके किंवा बिघडलेला रक्तदाब दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला तर डॉक्टरांना फोन.

चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घामाघूम, डोळ्यांसमोर अंधारी: जागेवर थांबायचं, खाली बसायचं. उभ्याने सॉर्बिट्रेट घेऊ नका, रक्तदाब पडून माणूस कोसळतो. डॉक्टरांनी सांगितली असेल तर ५ मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली. पाच मिनिटांत आराम नाही तर १०८ ला फोन. शेजारच्याच्या मोटारसायकलवर मध्ये बसवून नेण्याचा मोह टाळा. १०८ ला घराची खूण सांगावी लागते: कुठला फाटा, कुठली शाळा, कुठलं देऊळ. ती आईंच्या फोनशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, त्या वेळी आठवत नाही.

असाच प्रश्न पडलेल्या इतर घरांसाठी थोडं. स्टेंट बसलेल्यांची छातीची पथ्यं नसतात, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी कोणाच्या सांगण्यावरून एक दिवसही बंद करायची नाही, दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी चालण्याआधी साखर बघावी. १०० च्या खाली असेल तर आधी एखादं केळं. बीटा ब्लॉकरमुळे साखर उतरल्यावरची धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. विनाकारण घाम म्हणजे साखर तपासा. पेसमेकर किंवा झटका देणारं आयसीडी यंत्र बसवलेल्यांनी फोन शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात ठेवू नये. फोन, घड्याळ आणि त्यांचे चुंबकी चार्जर यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर लांब. वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३०. आयसीडी असेल तर यंत्र किती ठोक्यांवर झटका देतं ते विचारून घ्या आणि व्यायामात त्याच्या दहा-वीस खालीच राहा.

शेवटी, तुमचं काम. येत्या शनिवार-रविवारी गावी जा. घड्याळ घालण्याचा विषय तुम्ही काढू नका, गजर बंद केल्याचं तेवढं पुन्हा सांगा आणि ईसीजी ठीक आला असेल तर संध्याकाळी अण्णांबरोबर दहा मिनिटं चाला, आईंनाही घ्या. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या चौकोनात रोज चार गोष्टी लिहायच्या: वजन, रक्तदाब, किती मिनिटं चाललो, दमछाकीला गुण किती. लिहिणार अण्णा, अक्षर त्यांचंच चांगलं असणार. रविवारी संध्याकाळी आई त्या पानाचा एक फोटो तुम्हाला आणि एक फिजिओथेरपिस्टला पाठवतील. मधल्या सहा दिवसांत तुम्ही फोन जरूर करा, पण ठोक्यांबद्दल विचारू नका. उसाला पाणी मिळालं का ते विचारा.